दोन बोटं खोल

१

रेझिन ओतायचं ते सकाळी, शेडचे पत्रे तापायच्या आत. ऊन चढल्यावर त्यात हार्डनर घातला तर ते मग्यातच घट्ट होतं आणि मग्यासकट फेकून द्यावं लागतं. त्यामुळे माझी सकाळ ठरलेली असे. चहा घ्यायचा, खाडीच्या बाजूचं दार उघडून रात्रभर कोंडलेला उग्र वास बाहेर जाऊ द्यायचा, आणि मग ओतायला बसायचं.

माझं नाव गुरुदास. धंदा फायबरच्या होड्या दुरुस्त करण्याचा. सर्जेकोटला बंदराच्या थोडी अलीकडे माझी शेड आहे. कुणाच्या होडीचा तळ खडपाला, म्हणजे पाण्यातल्या खडकाला, घासतो, कुणाची धक्क्यावर आपटून फुटते. ती माझ्या दारात पालथी पडते आणि मी तिला काचधाग्याचं कापड लावून रेझिनचे थर देत बसतो.

पेनांचा नाद त्यातूनच लागला. एकदा उरलेलं रेझिन मी पाइपच्या तुकड्यात ओतून ठेवलं आणि विसरून गेलो. पुढे कधीतरी पाइप चिरला तर आतून वीतभर लांबीची स्वच्छ, पिवळसर कांडी निघाली. डोळ्यासमोर धरली तर तिच्यातून बंदरावरचे माड वाकडे दिसले. ही वस्तू फेकायची नाही, एवढंच तेव्हा कळलं. मग कुडाळच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून लहानसा लेथ आणला. कांडी कातून, आतून पोकळ करून, आटे पाडून पहिलं पेन केलं. ते गळलं. दुसरंही गळलं. तिसरं माझ्या बायकोने, सुगंधाने, हातात घेतलं, हाताच्या पंजावरच स्वतःचं नाव लिहून बघितलं आणि म्हणाली, "बरा चलता हो ह्या."

निब आणि क्लिप मुंबईहून मागवायचो. बाकी सगळं माझं. शिंपल्यांची पूड घातली की कांडीत ढग थिजल्यासारखे दिसत. मालवणच्या बाजारात एक दुकानदार माझी पेनं काचेच्या कपाटात ठेवू लागला. मास्तर लोक निवृत्त झाले की त्यांना माझं पेन द्यायचं, अशी पद्धतच पडत चालली होती.

या कामात शत्रू एकच. बुडबुडा. रेझिन ढवळताना हवा आत जाते, घट्ट होताना अडकते, आणि लेथवर कातताना नेमकी पेनाच्या अंगावर उघडी पडते. खड्डा पडला की कांडी वाया. म्हणून रेझिनचा मगा आधी गरम पाण्यात ठेवून ते पातळ करायचं, हळू ढवळायचं, वरून बारीक धार धरायची, आणि ओतून झालं की पाइपला टिचक्या मारत राहायचं. बुडबुडे वर येतात, फुटतात. एवढं केलं की फसत नाही. माझं फसत नसे.

२

दोन हजार पाच साल. पावसाळ्यासाठी मासेमारी बंद व्हायच्या आधीचे शेवटचे दिवस. माझी धाकटी बहीण अक्षया, तिचा नवरा चंदन समुद्रात गेला आणि आला नाही.

चंदन दाजींच्या होडीवर जाई. दाजी आमच्या बंदरातले सगळ्यांत जुने तांडेल, म्हणजे होडीवरचे मुख्य. त्या दिवशी त्यांचा नांगर खडपात अडकला. अशा वेळी पाण्यात उतरायचं ते चंदनानेच. त्याच्याइतका दम बंदरात कुणाला नव्हता. विडी नाही, पान नाही. उतरायच्या आधी चिमूटभर बडीशेप तोंडात टाकायचा, ती चावून झाली की दोरी कमरेला बांधायचा आणि आवाज न करता पाण्यात शिरायचा. त्या दिवशीही तसाच गेला.

"दोन हिसके म्हंजे वर घे," दाजी आम्हाला म्हणाले. "आमी दोरी धरून रवलो. हिसको इलोच नाय. मगे वडली, तर मोकळीच इली. गाठ सोडलेली होती रे गुरू. तुटलेली न्हय. सोडलेली."

आठवडाभर शोधलं. देवगडपर्यंत निरोप गेले. मग समुद्र खवळला, होड्या वर ओढल्या गेल्या आणि शोधणं थांबलं.

अक्षया माझ्याकडे राहायला आली. तिच्या हातातल्या बांगड्या तिने काढल्या नाहीत आणि कुणी काढ म्हटलंही नाही. दुपारची ती शेडमध्ये येऊन बसे. नुसती बसते म्हणून मी तिला पॉलिश पेपर आणि पाण्याचं भांडं दिलं. कातलेलं पेन पाण्यात बुडवून घासत राहायचं, आधी खरखरीत पेपर, मग मऊ, मग त्याहून मऊ. तिचा हात चांगला बसला. बाहेर पाऊस, वर पत्र्यांचा आवाज, आणि आम्ही दोघं काही न बोलता काम करत असू. मला वाटलं, असंच हळूहळू होईल ते होईल.

३

श्रावणात पहिली कांडी बिघडली.

पाइप चिरला, कांडी बाहेर काढली. बाजूने स्वच्छ होती. पण बरोबर मधोमध, तळापासून वरपर्यंत, बुडबुड्यांची एक सरळ ओळ होती. चुकून राहिलेले बुडबुडे असे नसतात. ते कडेला चिकटतात, वर गोळा होतात, कसेही विखुरतात. हे एकावर एक होते. तळाशी टपोरे, मग बारीक होत गेलेले, मग थोडी मोकळी जागा, मग पुन्हा टपोरे.

पावसाची हवा, मी मनात म्हटलं. पाइपच्या तळाला मी ओल्या मातीचं बूच लावत असे. रेझिन घट्ट होताना चांगलं तापतं, त्या तापाने मातीतली वाफ उठली असणार. दुसऱ्या दिवशी मातीऐवजी मेण लावलं. तीच ओळ. पाइप बदलला. मग नवीन डबा फोडला. तीच ओळ.

मग मी पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेल्यात थोडं ओतलं आणि समोर स्टूल घेऊन बसलो. काय होतं ते बघायचंच होतं. ओतल्यावर एकही बुडबुडा नव्हता. नुसतं मधासारखं नितळ. बघता बघता ते घट्ट व्हायला लागलं. बारीक टिक टिक आवाज येऊ लागला, तो नेहमीच येतो. काडी टोचून बघितली, काडी आत जाईना. आता त्यात काही हलणं शक्य नव्हतं. मी निःश्वास टाकला, काडी ठेवायला वळलो, परत वळलो.

पेल्यात ओळ होती.

घट्ट झालेल्या रेझिनमधून बुडबुडा वर सरकू शकत नाही. हे मी इतकी वर्षं हाताने जाणतो. त्या दिवशी मी स्वतःला सांगितलं की ओळ आधीच असणार, उजेड वेगळा पडल्यावर दिसली असणार. माणूस स्वतःला समजावायला बसला की त्याला काही कमी पडत नाही.

४

काही कांड्या तशाच लेथवर लावल्या. आतून पोकळ करताना ओळ निघून गेली तर बाहेरचा बरा भाग वापरता येईल, असा विचार होता.

हत्यार मधल्या बुडबुड्याला लागलं की एक बारीकसा आवाज येई. फुस्स म्हणण्याइतकाही मोठा नाही. ओठ उघडल्यावर होतो तेवढा. आणि एक वास येई.

रेझिन कातताना जो वास सुटतो तो नाकात बसतो. जेवणाला, कपड्यांना, उशीलासुद्धा तो वास. अशा शेडमध्ये दुसरा वास येणं कठीण. तरी मला वाटलं तो बडीशेपेचा आहे. मी लेथ बंद केला. वास गेला. परत चालू केला, पुढचा बुडबुडा उघडला. परत तोच, ओलसर, कोमट.

इतकी वर्षं रेझिन हुंगून माझं नाक बिघडलं असेल. ज्याच्याबद्दल रोज विचार येतो त्याचा वास येणं यात नवल नाही. असं म्हणून मी कातत राहिलो. तेवढ्यात सुगंधा चहा घेऊन आली. दारातच थांबली.

"तुमी बडीशेप खाल्लात?"

"नाय."

"मगे कोण इला होता?"

"कोण नाय."

तिने शेडभर नजर फिरवली. कोपऱ्यात अक्षया पेन घासत बसली होती. तिचा हात पाण्याच्या भांड्यात थांबला होता. सुगंधाने चहा ठेवला आणि गेली. मी लेथवरून कांडी काढत होतो तेव्हा अक्षया उठून माझ्याजवळ आली.

"ते फोडू नको, दादा."

"काय?"

"बुडबुडे. फोडू नको." ती अगदी साधेपणाने बोलत होती, भाजीत मीठ जास्त घालू नको म्हणावं तसं. "तेका तितकोच आसा."

५

त्यानंतर बिघडलेल्या कांड्या ती घेऊन जाऊ लागली. तिच्या खोलीच्या खिडकीत, गजांच्या आतल्या बाजूला, तिने त्या ओळीने उभ्या केल्या. सकाळचं ऊन त्यांतून भिंतीवर पडे आणि भिंतीवर बुडबुड्यांच्या सावल्या दिसत. मी त्या खोलीत जायचं टाळू लागलो.

सुगंधाने एकदा मला पडवीत गाठलं.

"तुमच्या लक्षात इला काय? ही दम धरून बसता."

"म्हंजे?"

"जेवताना बघा. घास हातात धरून रवता. तोंड बंद, छाती हलत नाय. मगे एकदम श्वास घेता. माका भय वाटता हो."

त्या दुपारी मी बघितलं. अक्षया जेवत होती. मधेच थांबली. डोळे उघडे, पण समोर कुणी नसल्यासारखे. गळ्याची शीर उडत होती. मी तिच्याबरोबर श्वास रोखून बघितला. मला राहवेना, मी सोडला. ती तशीच. शेवटी तिने श्वास घेतला तेव्हा पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा आवाज झाला.

"अक्षया, ह्या काय?" मी विचारलं.

"कळता काय बघतंय," ती म्हणाली. "किती दम लागता ता."

सुगंधाचं म्हणणं एकच. आता चंदनाचं काय ते कार्य करून टाकावं. देह सापडला नाही तर दर्भाचा माणूस करून त्याला अग्नी देतात, तसं भटजींना विचारून करावं. ती खिडकीशी बसून राहते ते त्यानेच थांबेल. दाजींनाही तेच वाटत होतं. ते मुद्दाम घरी आले, अक्षयाच्या समोर बसले.

"अक्षया, चेडवा, मी दोरी धरून होतंय. माज्या हातात होता ता सगळा. तो गेलो गो. आता तेका मोकळो कर."

"दाजी," ती म्हणाली, "मोकळो तो नाय. अडाकलो आसा. तुमी थंय होतास, तुमका ठावक आसा."

दाजींनी माझ्याकडे बघितलं. जाताना पायरीवर हळूच म्हणाले, "दोरीची गाठ पाण्यात सोडूक तेका काय कारण होता, ह्या माका अजून कळाक नाय."

६

दसरा झाला. आकाश कोरडं झालं, होड्या रोज पाण्यात जाऊ लागल्या. माझ्या कांड्यांतले बुडबुडे कमी होऊ लागले.

मला हायसं वाटलं. हवेतला दमटपणा गेला, बुडबुडे गेले. म्हणजे पावसाचीच हवा होती. एवढी साधी गोष्ट, आणि आपण काय काय मनात आणलं. मी एक सकाळ शीळ घालत काम केलं. मग अक्षया मला हाताला धरून तिच्या खोलीत घेऊन गेली.

"बघ."

खिडकीत कांड्या लागल्या होत्या, श्रावणापासून आजपर्यंत, क्रमाने. एकेक बघत गेलो. सुरुवातीच्या कांड्यांत टपोऱ्या बुडबुड्यांचे झुबके जवळजवळ होते. मग झुबके लहान झाले. मधली मोकळी जागा वाढत गेली. नंतर झुबके राहिलेच नाहीत, दोन-दोन, एक-एक असे. आणि सगळ्यांत अलीकडच्या कांडीत वीतभर लांबीत फक्त एकच, राईच्या दाण्याएवढा.

"दम संपत इलो तेचो," ती म्हणाली.

"हवा सुकी झाली गो. म्हणान बुडबुडे कमी."

"व्हय," ती म्हणाली. तिला माझ्याशी वाद घालायचा नव्हता. त्यानेच मला जास्त भीती वाटली.

दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात का, याचा विचार मी त्या दिवशी बराच वेळ करत बसलो. हवा सुकी झाली हे खरं होतं. आणि त्या खिडकीत जे होतं ते कुणीही बघितलं असतं तर त्यालाही एकच अर्थ लागला असता. एखादा माणूस खाली आहे, आणि तो जपून, जपून, थोडा थोडा श्वास सोडतो आहे.

मी ठरवलं की या सगळ्याचा शेवट करायचा, आणि तो माझ्या कामातूनच करायचा. अरुंद पाइपमध्ये उभं ओतलं की ओळ दिसायला जागा मिळते. मग उभं ओतायचंच नाही. चहाच्या दुकानात असतो तसा एक रुंद, पांढरा ट्रे घ्यायचा, त्यात दोन बोटं खोल रेझिन ओतायचं आणि सुकलेल्या लादीच्या करवतीने कांड्या पाडायच्या. एवढ्याशा खोलीत बुडबुडा उगवणार कुठून आणि वर चढणार किती? लादी स्वच्छ निघेल. ती मी अक्षयाच्या हातात देईन. बघ म्हणेन, काही नाही.

७

त्या दिवशी होडीचं एक काम निघालं म्हणून ओतायला दुपार झाली. पत्रे तापले होते. मी हार्डनर अगदी कमी घातला.

टेबलावर ट्रे ठेवला, पाणसळ लावून समतल केला, आणि ओतलं. शिंपल्यांची पूड नाही, रंग नाही. रेझिन पसरत कडांना गेलं आणि स्थिर झालं. ट्रेचा पांढरा तळ असा स्वच्छ दिसत होता की ट्रे रिकामा वाटावा. एकही बुडबुडा नव्हता. अक्षया शेजारी उभी राहून बघत होती.

"बघितलंस?" मी म्हटलं.

तिने मान हलवली.

माझे हात चिकट झाले होते. मी दाराबाहेर नळाशी गेलो, साबण लावला. खाडीत ओहोटी होती. पलीकडे कुणीतरी जाळं झाडत होतं. शेडच्या आतून टिक टिक ऐकू येऊ लागली. त्या टिकटिकीत दुसरा आवाज आला, काचेचा, किणकिणल्यासारखा. बांगड्या. ती बांगड्या काढून ठेवत होती.

मी आत आलो. लेथच्या पाट्यावर तिच्या हिरव्या बांगड्या एकावर एक ठेवलेल्या होत्या. ती ट्रेवर वाकली होती. तिने एक लांब श्वास घेतला, तो छातीत धरला आणि उजवा हात रेझिनमध्ये घातला.

आधी बोटं गेली. मग मनगट गेलं. मग तिचा हात कोपरापर्यंत आत गेला.

मी जे सांगतोय ते कसं वाटतं, हे मला ठाऊक आहे. ट्रे दोन बोटं खोल होता. मी खाली वाकलो आणि टेबलाखाली बघितलं, हे मला अजून नीट आठवतं, कारण त्या क्षणीही माझं डोकं हिशेब जुळवायला बघत होतं. टेबलाखाली जमीन होती. कातलेल्या रेझिनचा भुसा होता. माझ्या चपला होत्या.

मी उठलो. तिच्या खांद्यावरून ट्रेमध्ये नजर गेली. पांढरा तळ तिथे नव्हता. हिरवट, गढूळ उजेड होता, खाली खाली काळा होत गेलेला. तिचा हात त्यात सरळ उतरला होता, आणि त्याच्या टोकाशी पांढुरकं काहीतरी वर तोंड करून होतं. मी लगेच डोळे वळवले. ते तोंड होतं असंही मी शपथेवर सांगणार नाही.

मी तिच्या कमरेला दोन्ही हातांनी मिठी घातली आणि मागे ओढलं. ती आली नाही. ती माझ्याविरुद्ध जोर लावत नव्हती. तिचं अंग सैल होतं, श्वास अजून धरलेला. जोर दुसरीकडून होता. नांगर अडकल्यावर दोरी जशी ताठ होते आणि होडी कलते, तसं टेबल आमच्याकडे कललं. रेझिन तापायला लागलं होतं. वाफ येत होती, टिकटिक वाढून तडतड झाली होती. "सोड," मी ओरडलो. कुणाला म्हटलं ते मला माहीत नाही. "सोड, सोड तिका!"

आणि एकदम ताण गेला. आम्ही दोघं मागे पडलो. अक्षयाने तोंड उघडून श्वास घेतला आणि मग ती किंचाळली, कारण हात भाजला होता.

८

मालवणच्या डॉक्टरीणबाईंनी तिचा हात साफ केला. सुकलेल्या रेझिनचे पापुद्रे त्या चिमट्याने एकेक काढत होत्या. अक्षयाने तोंड सुगंधाच्या पदरात लपवलं होतं. कोपरापासून बोटांपर्यंत कातडी लाल होऊन सोलवटली होती. मनगट तेवढं सोडून. मनगटाभोवती पांढरे, कोरे पट्टे होते. चार एका बाजूला, एक जाड दुसऱ्या बाजूला.

"इथे कुणीतरी घट्ट धरलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "धरलं तेवढ्या जागी रेझिन लागलं नाही. बरं झालं."

"मी ओढलंय तिका," मी म्हटलं.

"मग तुमच्या हाताला कसं काही झालं नाही?"

सुगंधाने माझे हात बघितले. मग माझ्याकडे बघितलं.

शेडमध्ये परतलो तेव्हा लादी सुकली होती. वरून सपाट, कुठे खळगा नाही, कुठे हात गेल्याची खूण नाही. उन्हात धरली. आत काहीही नव्हतं. राईएवढा बुडबुडासुद्धा नाही. अशी स्वच्छ लादी मला कधी साधली नव्हती. तिच्या कांड्या पाडायचं धाडस मला झालं नाही. दाजींना बोलावलं. त्यांनी लादी गोणपाटात गुंडाळून होडीवर नेली आणि रिकामे परत आले. त्यानंतर मी पेन केलेलं नाही. लेथ अजून आहे, होडीच्या कामाला लागतो.

कार्याला अक्षया आपणहून तयार झाली. हातावरची पट्टी सुटल्यावर, एका सकाळी वाळूत भटजींनी दर्भाचा माणूस केला आणि त्याला अग्नी दिला. तो पटकन जळाला. सगळे घराकडे निघाले तरी ती पाण्याकडे तोंड करून बसली होती, म्हणून मी थांबलो. तिच्या मांडीवर उजवा हात पडला होता, नवीन गुलाबी कातडीचा. ती त्याच्याकडे कधी बघत नसे. पट्टी बदलतानाही तिने एकदाही बघितलं नव्हतं.

मी मात्र दर वेळी बघितलं होतं. लाली उतरल्यावर दिसलं होतं, ते चार पट्टे मनगटावर थांबत नव्हते. ते खाली, हाताच्या पंजावरून, बोटांच्या टोकांपर्यंत ओढत गेले होते, बारीक होत होत. धरलेला हात जो आपणहून सोडतो, त्याची बोटं फक्त उघडतात. ती अशी घसटत जात नाहीत.

"दादा," ती म्हणाली, "तू बघलंस मा? मनात आणल्यान असता तर तो माका घेवन गेलो असतो. पण तेना सोडल्यान. आपणच सोडल्यान."

समुद्र शांत होता. किनाऱ्याला एक लहानशी लाट येऊन परत गेली. अक्षया सावकाश, नीट श्वास घेत होती. कितीतरी महिन्यांनी मी तिला असा श्वास घेताना बघत होतो.

"व्हय गो," मी म्हटलं. "मी बघलंय. आपणच सोडल्यान."

तिने मान हलवली. डाव्या हाताने साडीला लागलेली वाळू झटकली आणि उठून घराकडे चालू लागली. मी तिच्या आणि पाण्याच्या मधून चाललो.